प्रकल्प नोंदी: दांडिया बाजारातल्या घरात यंत्रांना पक्के आयपी पत्ते

१८ जानेवारी २०२५

वडोदऱ्यात उत्तरायणानंतरचा आठवडा म्हणजे नेटवाल्यांचा हंगाम. खांबावरून घरात येणारी फायबरची तार कुठे मांज्यात अडकून ताणली जाते, कुठे कुणीतरी अडकलेला पतंग ओढताना ती कठड्यावर मुडपते. इथे दुसरा प्रकार झाला. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या, संध्याकाळी नेट कंपनीच्या डब्यावर (फायबर मोडेमवर) लाल एलओएस, म्हणजे तारेतून प्रकाश येत नसल्याचा, दिवा लागला. १७ तारखेला नवी तार आली आणि सोबत नवा डबाही. नव्या डब्याच्या पानावर प्रकाशाची पातळी −१९ डीबीएम दिसते, म्हणजे उत्तम. ही −२७ च्या आसपास गेली की जोडणी तुटक चालते आणि लोक वायफायला शिव्या देतात.

नेट दहा मिनिटांत सुरू झालं. बाकी सगळं बसलं. मधल्या मजल्यावरचा प्रिंटर ‘ऑफलाइन’, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर फोनवर दिसेना, फोटो साठवायचा नॅस (नेटवर्कवरची हार्ड डिस्क) लॅपटॉपवरून गायब.

कारण साधं आहे. जुना डबा घरात १९२.१६८.१ ने सुरू होणारे आयपी पत्ते (नेटवर्कवर यंत्र ओळखायचे क्रमांक) वाटत होता, नवा १९२.१६८.० ने सुरू होणारे वाटतो. या तिन्ही यंत्रांत पत्ता कधीतरी हातानं भरलेला होता, प्रिंटरमध्ये १९२.१६८.१.५०. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असला की पहिले तीन आकडे जुळणारे तेवढेच शेजारी. लॅपटॉप आता १९२.१६८.०.१४ वर आहे. त्याच्या दृष्टीनं प्रिंटर परगावचा, म्हणून तो कागद गेटवेकडे, म्हणजे बाहेर जायच्या दाराकडे, पाठवतो, आणि गेटवेला ते गाव माहीतच नाही.

तात्पुरता उपाय म्हणून नव्या डब्याचा घरातला पत्ता बदलून १९२.१६८.१.१ केला की सगळं पुन्हा चालेल. पण पुढच्या उत्तरायणाला पुन्हा डबा बदलला की पुन्हा तेच. म्हणून हा प्रकल्प.

१९ जानेवारी

आधी मोजदाद. तीन मजले, पुढच्या खोलीत फायबर, चुना-विटांच्या दीड फुटी भिंती. मागच्या खोल्यांत वायफाय पोचत नाही, म्हणून तीन केबल पूर्वीच ओढलेल्या आहेत.

यादी करताना डब्याच्या पानावरची ‘कनेक्टेड डिव्हायसेस’ पुरेशी नाही. तिथे फक्त डब्याकडून पत्ता घेतलेली यंत्रं दिसतात, हातानं भरलेली बऱ्याचदा दिसत नाहीत. त्यामुळे घरभर फिरून प्रत्येक यंत्राच्या मागचा चिकटपट्टीवरचा मॅक पत्ता (यंत्राचा कारखान्यातून आलेला क्रमांक) वहीत उतरवला. एकूण २३ यंत्रं निघाली. प्रिंटरवर दोन मॅक पत्ते आहेत, एक केबलचा आणि एक वायफायचा. लॅपटॉपचंही तसंच. हे आत्ताच वेगळे लिहून ठेवले नाहीत तर पुढे रिझर्व्हेशन (एका मॅकसाठी एक आयपी पत्ता राउटरमध्ये राखणं) चुकीच्या मॅकवर होतं आणि ‘केलं तरी चालत नाही’ असं वाटत राहतं.

२३ पैकी पक्का पत्ता कुणाला हवा? ज्याच्याकडे दुसरं यंत्र स्वतःहून जातं, त्याला. प्रिंटर, रेकॉर्डर, नॅस, रास्पबेरी पाय (छोटा संगणक), वरच्या मजल्यावरचा वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं यंत्र) आणि पत्ते वाटणारा राउटर स्वतः. सहा. फोन, टीव्ही, लॅपटॉप, स्मार्ट बल्ब हे सगळे मागणारे. त्यांना कुणी हाक मारत नाही, तेव्हा पत्ता रोज बदलला तरी काही बिघडत नाही. हौसेनं सगळ्या २३ यंत्रांना पक्के पत्ते देणं म्हणजे सांभाळायची कटकट जवळपास चौपट करून घेणं.

२१ जानेवारी

आराखडा. काम कागदावरचं, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आणि तो जायलाच हवा.

घरासाठी राखलेल्या तीन पट्ट्या १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरलेल्या आहेत: १० ने सुरू होणारी सगळी, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारी. तिसरीतली ० आणि १ ही उपपट्टी बहुतेक राउटर कारखान्यातूनच घेऊन येतात. म्हणून ती टाळली. घरात १९२.१६८.१ आणि ऑफिसच्या व्हीपीएनच्या (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या खासगी वाटेच्या) पलीकडेही १९२.१६८.१ असेल तर लॅपटॉपला कुठला .५० गाठायचा ते कळत नाही. आपण १९२.१६८.४७ घेतली. ४७ ला काही अर्थ नाही, कुणाच्या घरात सापडू नये एवढाच हेतू.

२५४ वापरण्याजोगे पत्ते आहेत. त्यांची वाटणी:

.१ राउटर. .२ ते .९ नेटवर्कची स्वतःची यंत्रं, म्हणजे .२ अ‍ॅक्सेस पॉइंट आणि .५ पाय. .१० ते .३९ साठवण आणि छपाई: नॅस .१०, प्रिंटर .२०. .४० ते .५९ कॅमेरे: रेकॉर्डर .४०. .१०० ते .१९९ हा डीएचसीपीचा (आपोआप पत्ते वाटायच्या पद्धतीचा) पूल, राउटरनं मागेल त्याला वाटायचा. .२०० च्या वरचं रिकामं.

पूल आणि हातानं भरलेले पत्ते एकमेकांत मिसळायचे नाहीत, बाकी सगळं आवडीचा भाग. राउटरला पूल माहीत असतो, तुम्ही टीव्हीत हातानं काय भरलंत ते माहीत नसतं.

एक गोष्ट राउटरच्या पुस्तिकेत तपासून घ्यावी लागते. काही राउटर रिझर्व्हेशनचा पत्ता पुलाच्या आतलाच मागतात, बाहेरचा दिला तर ‘इनव्हॅलिड’ म्हणतात. आपला राउटर बाहेरचा स्वीकारतो. ज्यांचा स्वीकारत नाही त्यांनी पूल .१० ते .१९९ ठेवावा आणि आतच रिझर्व्हेशन करावं. राउटर राखलेला पत्ता दुसऱ्याला देत नाही, त्यामुळे चालतं. मात्र हातानं भरायचे पत्ते तेव्हाही पुलाबाहेरच.

दुसरा निर्णय: पत्त्यांची यादी कंपनीच्या डब्यात ठेवायची नाही. डबा त्यांचा, तो बदलला की यादी गेली, आत्ता झालं तेच. आपला राउटर डब्याच्या मागे लावायचा आणि डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नेट फक्त पुढे देणारा, करून घ्यायचा.

२५ जानेवारी

ब्रिजचं काम. कंपनीला फोन करून तीन गोष्टी मागितल्या: पीपीपीओईचं (कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेतली आपली वाट ओळखायचा). तिसरी न मागता कुणी सांगत नाही. पहिल्या प्रयत्नात राउटर ‘कनेक्टिंग’ वरच अडकला तो त्यामुळेच. व्हीलॅन क्रमांक वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पोर्टच्या पानावर भरल्यावर अर्ध्या मिनिटात लागला. एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १४९२ ठेवला. पीपीपीओई प्रत्येक पाकिटात आठ बाइट खातं, १५०० ठेवलं तर काही साइट उघडतात आणि काही अर्धवट लटकतात.

ब्रिज न करता डब्यामागे राउटर लावला तर काय? चालतं, पण पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, आणि डब्याचा वायफाय चालू राहिला तर अर्धी यंत्रं त्याच्यावर आणि अर्धी राउटरवर जातात. मग एकाच घरात दोन गावं. तेच करणं भाग असेल तर डब्याचा वायफाय तरी बंद करावा.

राउटरचा घरातला पत्ता बदलताना लॅपटॉप केबलनं जोडलेला असावा. वायफायवरून बदलला तर मध्येच तुटतं आणि बदल साठवला गेला की नाही कळत नाही. आपला राउटर कारखान्यातून १९२.१६८.०.१ घेऊन आला होता, डबाही तोच. दोन्ही बाजूंना एकच पट्टी असेल तर राउटर काही राउट करू शकत नाही, म्हणून वॅनची तार लावण्याआधी लॅनचा (घरच्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.४७.१ केला, साठवला, राउटर पुन्हा सुरू झाला. मग लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावली. कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग म्हटल्यावर १९२.१६८.४७.१०० आला.

लीजची, म्हणजे दिलेला पत्ता वापरायची, मुदत १२० मिनिटं होती. आज आणि उद्यापुरती १० मिनिटं केली. यंत्र अर्धी मुदत सरली की नूतनीकरण मागतं, म्हणजे दर पाच मिनिटांनी. बदल लवकर पसरतात, प्रत्येक यंत्र बंद-चालू करत बसावं लागत नाही. काम संपल्यावर २४ तास करायची.

२६ जानेवारी

प्रिंटर. तो अजून १९२.१६८.१.५० वर अडून बसलेला. पडदा नसलेल्या यंत्राला अशा वेळी गाठायचं असं: लॅपटॉप केबलनं त्याच स्विचवर जोडायचा आणि लॅपटॉपलाच थोडा वेळ जुन्या गावात पाठवायचं. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, तिथे आयपी सेटिंग्जखाली एडिट, मग मॅन्युअल, आयपीव्ही४ चालू. पत्ता १९२.१६८.१.१०. खाली ‘सबनेट प्रीफिक्स लेंग्थ’ असा रकाना येतो. तिथे सवयीनं २५५.२५५.२५५.० लिहिलं की विंडोज ‘साठवता येत नाही’ एवढंच म्हणतं, का ते सांगत नाही. तिथे फक्त २४ लिहायचं. दोन्हीचा अर्थ एकच. ज्यांना मास्कच लिहायचा आहे त्यांनी जुन्या कंट्रोल पॅनेलमधून जावं.

आता ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.५० उघडला. प्रिंटरच्या पानावर नेटवर्क, वायर्ड, आयपीव्ही४ असं जाऊन ‘मॅन्युअल’चं ‘डीएचसीपी’ केलं. साठवल्याबरोबर पान तुटतं, ते बरोबर आहे. लॅपटॉप पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणला. हे विसरलं तर पुढचा तासभर ‘नेट का नाही’ हे शोधण्यात जातो.

राउटरच्या डीएचसीपी पानावर अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन, अ‍ॅड, प्रिंटरचा केबलचा मॅक पत्ता, समोर १९२.१६८.४७.२०. साठवलं. प्रिंटर तरी .१०३ वरच राहिला, कारण त्याच्याकडे आधीची लीज होती. केबल काढून लावल्यावर .२० आला.

छापून पाहिलं, तरी ‘ऑफलाइन’. ही विंडोजची बाजू. प्रिंटर आपोआप जोडला गेला असेल तर विंडोज बऱ्याचदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट बनवतं. तो प्रिंटरला पत्त्यानं हाक मारत नाही, स्वतःच्या शोधावर विसंबतो आणि मधूनमधून हरवतो. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, अ‍ॅड पोर्ट, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, त्यात १९२.१६८.४७.२०. छपाई ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून जाते. टेस्ट पेज लगेच आलं. प्रिंटरला पक्का पत्ता देऊन हा पोर्ट बदलला नाही तर निम्मं काम फुकट जातं, आणि नेमकं तेच लोक करतात.

नॅसलाही याच रीतीनं .१० आणि अ‍ॅक्सेस पॉइंटला .२. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून जुना राउटर वापरला आहे. त्याचा डीएचसीपी बंद केला आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टात लावली. एका घरात पत्ते वाटणारा एकच असावा. दोन असले तर जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो, आणि ते दर वेळी वेगळं असतं.

१ फेब्रुवारी

रेकॉर्डर. याला रिझर्व्हेशन न करता पत्ता यंत्रातच हातानं भरला. राउटर मेला तरी रेकॉर्डर आणि त्याला जोडलेला टीव्ही चालत राहावेत म्हणून. पाय आणि रेकॉर्डर ही दोनच यंत्रं हातानं, बाकी सगळं राउटरच्या यादीत. हातानं भरलेलं प्रत्येक यंत्र म्हणजे विसरण्याची एक जागा.

रेकॉर्डरमध्ये भरायच्या चार गोष्टी: पत्ता १९२.१६८.४७.४०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.४७.१, डीएनएस. चौथी रिकामी सोडली होती. चित्रं घरात नीट दिसत होती, म्हणून झालं असं धरलं. दुपारी लक्षात आलं की फोनवर सूचना येत नाहीत आणि घड्याळ सात मिनिटं मागे आहे. टाइम सर्व्हरचं नाव पत्त्यात बदलायला डीएनएस लागतो. तो नसेल तर घड्याळ सरकत राहतं आणि चित्रीकरणावरची वेळ खोटी ठरते, चोरीच्या तपासात हीच वेळ विचारतात. १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरले, घड्याळ जुळलं.

कॅमेऱ्यांना हात लावला नाही. रेकॉर्डरच्या पाठीवरच्या पीओई (तारेतूनच वीज देणाऱ्या) पोर्टांत लावलेले कॅमेरे रेकॉर्डरच्या आतल्या वेगळ्या पट्टीवर असतात, त्यांचे पत्ते तो स्वतः देतो. तिथे ‘नीटनेटकं’ करायला गेलं की चित्रं काळी होतात.

नॅसवर फोटो टाकताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइट. हवा होता १०० च्या पुढे. हा आकडा पाहिला की आयपीकडे बघूच नये. जोडणी १००० ऐवजी १०० वर लागली आहे. १०० ला फक्त १, २, ३, ६ या पिना पुरतात, १००० ला आठही तारा लागतात. मागच्या खोलीतल्या टोकात निळी तार कनेक्टरच्या टोकापर्यंत गेलीच नव्हती. टोक कापून पुन्हा भरलं: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडला नाही. वेग १०८.

२ फेब्रुवारी

रास्पबेरी पाय, जाहिराती गाळणारा डीएनएस म्हणून. रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तेव्हापासून नेटवर्कचा कारभार नेटवर्क मॅनेजरकडे आहे. जुन्या मार्गदर्शकांत डीएचसीपीसीडीच्या फाइलमध्ये चार ओळी लिहायला सांगितलेल्या असतात. त्या आता लिहिल्या तर काहीच होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. टर्मिनलवर सुडो लावून एनएमटीयूआय म्हटलं की निळा पडदा येतो. एडिट अ कनेक्शन, वायर्ड जोडणी, आयपीव्ही४ ला मॅन्युअल, पत्ता १९२.१६८.४७.५/२४. शेवटचं /२४ राहिलं तर नेटवर्क मॅनेजर /३२ धरतो, म्हणजे पायच्या गावात तो एकटाच. गेटवे .१, डीएनएस १.१.१.१. बाहेर येऊन जोडणी बंद-चालू केली. दूरवरून एसएसएचनं (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) हे करत असाल तर या क्षणी खिडकी गोठणार. घाबरायचं नाही, नव्या पत्त्यावर पुन्हा जोडायचं.

राउटरच्या डीएचसीपी पानावर डीएनएस म्हणून .५ भरला. ‘सेकंडरी डीएनएस’चा रकाना रिकामा ठेवला. तिथे ८.८.८.८ भरावा म्हणजे पाय बंद पडला तर सोय, असं वाटतं. यंत्रं मात्र दुसऱ्याला राखीव मानतीलच असं नाही, मनाला येईल त्याला विचारतात. मग जाहिराती कधी गाळल्या जातात, कधी नाही. तोटाही मान्य करून लिहून ठेवतो: पाय बंद तर घराचं नेट ‘बंद’.

फोनवर जाहिराती तरीही दिसल्या. राउटर आयपीव्ही६ वरून (पत्त्यांची नवी पद्धत; आत्तापर्यंतचे सगळे पत्ते आयपीव्ही४ चे) स्वतःला डीएनएस म्हणून जाहीर करत होता. आयपीव्ही४ मध्ये कितीही पक्कं बांधा, फोन सहाच्या दारानं बाहेर जातो. राउटरच्या आयपीव्ही६ पानावर डीएनएसची जाहिरात बंद केली.

८ फेब्रुवारी

तक्रार: संध्याकाळी सात-साडेसातला लॅपटॉपवर नेट अडखळतं, दोन मिनिटं चालतं, दोन मिनिटं नाही. दिवसा ठीक.

वेळ ठरावीक असेल तर वायफायच्या लहरींपेक्षा पत्त्यांची टक्कर आधी तपासावी. दुसऱ्या यंत्रावरून लॅपटॉपच्या पत्त्याला, १९२.१६८.४७.१०१ ला, पिंग केलं (हाक मारून पाहिली) आणि एआरपी यादी (कुठल्या पत्त्यावर कुठला मॅक) पाहिली. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिली. पत्ता तोच, समोरचा मॅक वेगळा. वहीतल्या यादीत तो मॅक सापडला: दिवाणखान्यातला टीव्ही. नवी पट्टी लागू केली त्या दिवशी कुणीतरी मदत म्हणून टीव्हीत .१०१ हातानं भरला होता.

दिवसभर टीव्ही झोपलेला असतो, पिंगला उत्तर देत नाही. काही राउटर पत्ता देण्याआधी पिंग करून पाहतात. उत्तर नाही म्हणजे पत्ता मोकळा असं समजून आपल्यानं तो लॅपटॉपला दिला. संध्याकाळी मालिका लागली, टीव्ही जागा झाला, दोघांनी एकच पत्ता सांगायला सुरुवात केली. विंडोज अशा टकरीत कधीकधी ‘डुप्लिकेट’ म्हणून इशारा देतं, टीव्ही काहीच बोलत नाही. टीव्ही ‘ऑटोमॅटिक’वर आणला. लीज २४ तास केली.

९ फेब्रुवारी

मुलांच्या टॅबलेटला वेळेचं बंधन घालायला रिझर्व्हेशन केलं, दोन दिवसांनी ते सुटलं. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून यंत्रं प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात. वायफाय विसरून पुन्हा जोडलं की काही यंत्रांत तो बदलतो. ओळखायची खूण: मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट. टॅबलेटच्या वायफाय सेटिंग्जमध्ये, फक्त घरच्या नेटवर्कसाठी, प्रायव्हसी ‘डिव्हाइस मॅक’ वर केली. बाहेरच्या नेटवर्कांसाठी बनावटच राहू द्यावा, ती चांगली सोय आहे.

१५ फेब्रुवारी

वीज जाण्याची परीक्षा. मेन स्विच दहा मिनिटं खाली, मग वर.

डबा, राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट, प्रिंटर एकदम उठले. राउटरला तयार व्हायला सुमारे दीड मिनिट लागलं, प्रिंटर वीस सेकंदांत पत्ता मागत होता. कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला. हा पत्ता कुठेही दिसला तर अर्थ एकच: डीएचसीपीचं उत्तर आलं नाही. चार मिनिटांनी प्रिंटरनं पुन्हा विचारलं आणि .२० वर आला. नॅसही आला. रेकॉर्डर आणि पाय हातानं भरलेले, त्यांना काही फरक पडला नाही.

डबा आणि राउटर या दोघांसाठी एक १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावला. दोन्हीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट आहेत हे वाचून मगच. काही डबे वेगळ्या व्होल्टचे येतात, आणि पिनचं आतलं टोक धन आहे की ऋण तेही बघावं. दोन्हींच्या अँपिअरची बेरीज यूपीएसच्या मर्यादेत बसते. पुन्हा मेन स्विच खाली-वर: आता राउटर पडलाच नाही, प्रिंटरला पहिल्याच विचारण्यात .२० मिळाला.

१६ फेब्रुवारी

घरातून विचारणा: आता ‘स्टॅटिक आयपी’ झाला, मग पुण्याहून कॅमेरे दिसतील ना?

नाही. हे दोन वेगळे पत्ते आहेत. आत्तापर्यंत केलं ते घरातल्या खोल्यांचे क्रमांक पक्के करणं. बाहेरून घराचा दरवाजा कंपनी देते त्या पत्त्यावर असतो. राउटरच्या वॅन पानावरचा पत्ता पाहिला: १०० ने सुरू होतो, दुसरा आकडा ६४ आणि १२७ यांच्यामधला. ही पट्टी २०१२ मध्ये कंपन्यांच्या मोठ्या सामायिक नॅटसाठी (अनेक घरांना बाहेरचा एकच पत्ता) राखली गेली. म्हणजे आपण अनेक घरांबरोबर एकाच दरवाज्याआड आहोत. अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही करा, बाहेरची हाक आपल्यापर्यंत येतच नाही. कित्येक लोक इथे आठवडे घालवतात.

कंपनीकडून जादा पैसे भरून खरा पक्का पत्ता घेता येतो. घेतला नाही. रेकॉर्डर उघड्यावर ठेवणं तसंही नको. २०१६ मध्ये मिराई नावाच्या संगणकी किड्यानं कारखान्याचे पासवर्ड तसेच ठेवलेले असे कॅमेरे आणि रेकॉर्डरच लाखांनी पकडले होते.

त्याऐवजी पायवर टेलस्केल हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर टाकलं. दोन्ही टोकं आतून बाहेर जातात आणि बाहेर भेटतात, त्यामुळे दरवाजा आपला नसला तरी चालतं. पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेली पाकिटं पुढच्या यंत्राकडे देणं) चालू केलं, १९२.१६८.४७.०/२४ हा मार्ग जाहीर केला आणि टेलस्केलच्या नियंत्रण पानावर तो मंजूर केला. ही मंजुरी राहिली तर पाय दिसतो, रेकॉर्डर नाही. टेलस्केलही आपल्या यंत्रांना त्याच १०० च्या पट्टीतले पत्ते देतं, तेव्हा फोनवर १०० ने सुरू होणारा पत्ता पाहून कंपनीचा समजू नये.

पुण्याच्या घरचा राउटर १९२.१६८.१ वाटतो. तिथल्या फोनवरून १९२.१६८.४७.४० उघडला, चित्रं आली. आपणही १९२.१६८.१ च ठेवली असती तर हा फोन पुण्याच्याच घरात .४० शोधत बसला असता.

२३ फेब्रुवारी

राउटरच्या सेटिंग्जची बॅकअप फाइल काढून नॅसवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवली. ती बहुधा त्याच मॉडेलवर चालते, म्हणून सहा यंत्रांची यादी कागदावरही: नाव, मजला, मॅक, पत्ता, हातानं की राउटरमधून. कागद राउटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पीपीपीओईचा यूजरनेम आणि व्हीलॅन क्रमांकही त्यावर, पासवर्ड नाही.

उरलेलं एकच: फायबरची नवी तार अजून अगाशीच्या कठड्यावरून उघडीच येते. ती २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून भिंतीलगत खाली घ्यायची आहे. वळणाला कोपरा न वापरता मोठ्या त्रिज्येचा बेंड लावायचा, काटकोनात मुडपली की −१९ चे −२५ व्हायला वेळ लागत नाही. पाइप रावपुऱ्यातून आणायचा, साडेसात मीटर, क्लिपा १५.